सर्व्हर उठला, पण त्याला काय आठवतंय?

(सावेडी, अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या वेळी बॅकअपवर बोलत होतो तेव्हा शेवटी एक प्रश्न राहून गेला होता. डेटा सुरक्षित आहे, डिस्क ठणठणीत आहे, पण लाईट जाऊन आल्यावर सर्व्हर चालू झाला आणि कुणालाच काही दिसेना, असं का होतं? आज तेवढ्याच प्रश्नावर बोलू. वरवर तो एका ओळीचा आहे: साठवणुकीच्या सर्व्हरवर आपण जी सेटिंग करतो, ती रीबूटनंतर आपोआप टिकली पाहिजेत की नाही? बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "अर्थात टिकली पाहिजेत, विचारायचं काय त्यात?" आमचं उत्तर तितकं सरळ नाही. का, ते बघू.

समजा सावेडीत पाईपलाईन रोडला एक पतसंस्था आहे. खरी कुठली नाही, उदाहरणापुरती. सात-आठ माणसं, काउंटरवर तीन कॉम्प्युटर, आणि आतल्या खोलीत एक सर्व्हर. खात्यांची सगळी माहिती त्या सर्व्हरच्या डिस्कवर. संध्याकाळी पिग्मीचे एजंट येतात, दिवसभराची वसुली नोंदवली जाते, पावत्या निघतात. सर्व्हर बसवणारा माणूस बाहेरचा, फोन केला की येणारा. महिन्यापूर्वी त्याने एक नवी डिस्क जोडली, हिशेबाचा फोल्डर तिच्यावर हलवला, काउंटरवरून दिसतोय याची खात्री केली आणि गेला. सगळं छान चाललं. मग एका रात्री डीपीवर काहीतरी उडालं, यूपीएसची बॅटरी अर्ध्या तासात संपली, पहाटे लाईट आली, सर्व्हर आपला आपण चालू झाला. सकाळी दहाला काउंटरवर गर्दी आणि पडद्यावर हिशेबाचा फोल्डरच नाही.

डेटा गेला का? नाही. डिस्क बिघडली का? नाही. महिन्यापूर्वी त्या माणसाने डिस्क जोडण्याची जी आज्ञा दिली, ती सर्व्हरच्या मेमरीत होती. कागदावर उतरवलेली नव्हती. लिनक्समध्ये डिस्क जोडायची आज्ञा आहे माउंट. ती दिली की डिस्क लगेच वापरता येते. पण चालू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची हे सर्व्हर वाचतो एफएसटॅब नावाच्या फाईलमधून, आणि तिथे कुणी ओळ लिहिलीच नव्हती. म्हणजे सर्व्हरच्या दोन आठवणी आहेत. एक चालू, एक जतन केलेली. आपण रोज बघतो ती चालू. रीबूटनंतर उरते ती जतन केलेली. या दोन एकसारख्या आहेत की नाहीत हे रीबूट होईपर्यंत कळत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

एक गंमत बघा. ज्यांना भारनियमनाचा काळ आठवतो, २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं त्याच्या आगेमागची वर्षं, त्यांना आठवत असेल की लाईट जायच्या वेळा पेपरात छापून यायच्या. तेव्हा छोट्या कार्यालयातला सर्व्हर जवळजवळ रोज बंद व्हायचा. त्रास होता, पण एक फायदाही होता: काल केलेलं सेटिंग जतन झालं नसेल तर ते आज कळायचं. करणारा माणूस समोर असायचा, त्याला काय केलं ते आठवत असायचं. आता लाईट बरी आहे, यूपीएस आहे, सर्व्हर सहा-सहा महिने बंद होत नाही. आणि तो विसरला आहे हे सहा महिन्यांनी कळतं. तोवर सेटिंग करणारा नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो.

तर मग सर्व्हरने स्वतःच सगळं लक्षात का ठेवू नये? केलं सेटिंग की झालं जतन. आपल्या घरच्या वायफाय राउटरमध्ये तसंच असतं ना, पासवर्ड बदलला की बदलला. मोबाईलमध्येही तसंच.

इथे यंत्रं बनवणाऱ्यांच्या दोन जुन्या पद्धती आहेत. नेटवर्कमधलं काम केलेल्यांना सिस्कोची माहीत असेल. तिथे चालू कॉन्फिगरेशन वेगळं आणि सुरुवातीचं कॉन्फिगरेशन वेगळं. काम झालं की "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" असं मुद्दाम सांगावं लागतं. विसरलात तर रीबूटला सगळं गेलं. उलट मायक्रोटिकच्या राउटरमध्ये सेटिंग केलं त्या क्षणी जतन होतं. दोन्ही कंपन्या जगभर चालतात, दोन्हींचे वापरकर्ते समोरच्याला वेडा म्हणतात.

साठवणुकीच्या जगात तर आणखी भेळ आहे. लिनक्समध्ये एका सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून दुसऱ्याला द्यायची सोय आहे, आयस्कझी म्हणतात तिला. दुसऱ्या मशीनला ती स्वतःच्या पोटातली डिस्क असल्यासारखी दिसते. २०११ मध्ये लिनक्सच्या २.६.३८ या कर्नलमध्ये एलआयओ नावाची व्यवस्था आली, आजही मुख्यतः तीच वापरतात. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. कोणती डिस्क द्यायची, कुणाला द्यायची, कोणत्या पत्त्यावर, हे सगळं तो गाभा फक्त मेमरीत धरून ठेवतो. कागदावर उतरवणं हे माझं काम नाही, असं त्याचं म्हणणं. आणि ते तसं बरोबरही आहे, कारण कोणत्या फाईलमध्ये काय लिहायचं हे गाभ्यानेच ठरवायला लागलं तर पुढे फार गुंता होतो. मग लिहून ठेवायचं कुणी? वर बसलेल्या हत्याराने. त्या हत्याराचं नाव टार्गेटसीएलआय. ते सगळी मांडणी सेव्हकॉन्फिग नावाच्या फाईलमध्ये उतरवतं, आणि सर्व्हर चालू होताना ती फाईल वाचून मांडणी परत उभी केली जाते. या हत्याराची मूळची सवय अशी, की तुम्ही त्यातून बाहेर पडलात की ते न विचारता जतन करतं. त्याच्या आधी टीजीटी नावाची व्यवस्था होती, तिच्यात आज्ञा देऊन केलेले बदल मेमरीतच राहायचे, टिकवायचे तर ते मुद्दाम फाईलमध्ये ओतून घ्यावे लागायचे. नेटॅपच्या जुन्या मशीनमध्ये फोल्डर नेटवर्कवर द्यायच्या आज्ञेला एक छोटं अक्षर जोडलं तर ते कायमचं, नाही जोडलं तर रीबूटपर्यंतचं. एका अक्षराचा फरक!

आणि तिसरी एक तऱ्हा आहे, ती आम्हाला स्वतःला फार आवडते. सेटिंग सर्व्हरच्या फाईलमध्ये न ठेवता डेटाच्या डिस्कवरच ठेवायचं. लिनक्समधलं रेड, म्हणजे चार डिस्क मिळून एक करणं, हे तसं चालतं. प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं की मी अमक्या संचातली, माझा नंबर तिसरा. झेडएफएसमध्ये तर कोणता फोल्डर नेटवर्कवर द्यायचा हेही डिस्कच्या संचातच लिहिलेलं. सर्व्हर जळला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावल्या, एक आज्ञा दिली, की मांडणी सोबत आली. बिऱ्हाड हलवताना ट्रंकेतच यादी ठेवल्यासारखं. अर्थात इथेही खोड आहेच. रेडचा संच तुम्ही एमडी-शून्य या नावाने बनवला आणि सर्व्हरच्या सुरुवातीच्या फाईलींमध्ये ते नाव नोंदवलं नाही, तर रीबूटनंतर तोच संच एमडी-१२७ या नावाने उठतो. डेटा तोच, नाव दुसरं. शून्य नावावर बेतलेलं सगळं अडून बसतं. ज्यांनी हे रात्री दोन वाजता पाहिलंय ते आत्ता हसतायत, दिसतंय आम्हाला.

आतापर्यंतचं ऐकून वाटेल की आपोआप टिकणंच बरं. आता दुसरी बाजू.

पहिलं उदाहरण घाईतल्या सेटिंगचं. रेडमधली एक डिस्क गेली, नवी लावली, आता तिच्यावर डेटा पुन्हा भरला जातोय. हे चालू असताना दुसरी डिस्क गेली तर काही प्रकारांत सगळंच जातं, म्हणून हे काम लवकर उरकावंसं वाटतं. लिनक्स हे काम करताना रोजच्या वापराला त्रास होऊ नये म्हणून स्वतःला आवरतं. कमीत कमी वेगाची मूळ मर्यादा सेकंदाला फक्त १००० केबी आहे. ४ टीबीची डिस्क सेकंदाला ५० एमबीच्या वेगाने भरायला साधारण २२ तास लागतात, २०० एमबीच्या वेगाने साडेपाच. म्हणून जाणकार माणूस रात्रीपुरती ती मर्यादा वाढवतो. रोजचं काम हळू झालं तरी चालेल, आधी डिस्क भर. हे सेटिंग रीबूटला विसरलं जातं आणि विसरलं गेलेलंच बरं. कायमचं राहिलं तर पुढच्या वेळी भर दुपारी, काउंटरवर गर्दी असताना, सर्व्हर डिस्क भरण्यातच गुंतून बसेल आणि कुणाला कारण सापडणार नाही.

दुसरं उदाहरण यापेक्षा गंभीर आहे, त्यावर जरा थांबू. पतसंस्थेत कॅशियर नोंद करतो, "झालं" असं पडद्यावर येतं, मग पावती निघते. ते "झालं" म्हणण्याआधी सर्व्हरने नोंद खरोखर डिस्कवर लिहिली पाहिजे. याला वेळ लागतो. झेडएफएसमध्ये एक सेटिंग आहे, सिंक बंद करण्याचं. ते केलं की सर्व्हर डिस्कवर लिहिण्याआधीच "झालं" म्हणतो. सगळं भलतंच पळायला लागतं. एखाद्या मोठ्या कॉपीच्या वेळी, ज्यात मूळ माल दुसरीकडे शाबूत आहे, तासाभरासाठी कुणी ते करतं. हरकत नाही. पण झेडएफएसमध्ये हे सेटिंग आपोआप टिकतं! रीबूटनंतरही, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तरीही. परत चालू करायला विसरलात, की पुढे कधीतरी लाईट जाते तेव्हा शेवटच्या काही सेकंदांतल्या नोंदी गायब. डिस्क तपासली तर ती अगदी शाबूत असते, कुठे तक्रार नाही. फक्त एका आजीबाईंच्या हातात पावती आहे आणि खात्यात भरणा नाही. आता सांगा, इथे सर्व्हरची चांगली स्मरणशक्ती कामाला आली की नडली?

तिसरं, स्वतःलाच बाहेर कुलूप लावून घेण्याचं. दुरून काम करताना सर्व्हरचा पत्ता चुकीचा टाकला, संपर्क तुटला. जतन केलं नसेल तर एक सोपा उपाय आहे: तिथल्या कुणालातरी फोन करून सांगा, "दादा, बटण दाबून बंद-चालू करा." जुना पत्ता परत येतो. आपोआप जतन झालं असेल तर गाडी काढून जा. एफएसटॅबचंही तसंच. तिथे चुकीची ओळ लिहिली तर आज काहीच होत नाही, आणि पुढच्या रीबूटला सर्व्हर अर्ध्यातच थांबून दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर बसतो. म्हणून ती ओळ लिहिल्यावर "माउंट हायफन ए" देऊन तिथल्या तिथे पडताळून बघायचं असतं. आणि जी डिस्क नसली तरी सर्व्हर उठायला हवा, तिच्या ओळीत "नोफेल" लिहायचं.

आता सगळ्यात वाईट प्रकार. मघाशी टार्गेटसीएलआय बाहेर पडताना न विचारता जतन करतं असं म्हणालो, ते आठवा.

सर्व्हर रीबूट झाला. सेव्हकॉन्फिग फाईलमध्ये लिहिलंय की पाच डिस्क द्यायच्या आहेत. पण त्यातल्या दोन डिस्क ज्या संचावर आहेत तो संच अजून उठलेला नाही. जुनी पेटी आहे, डिस्क फिरायला वेळ घेतेय. मांडणी उभी करणारा प्रोग्रॅम येतो, तीन डिस्क सापडतात त्या देतो, दोन सापडत नाहीत, तशी नोंद करतो आणि पुढे जातो. सकाळी माणूस येतो. दोन डिस्क दिसत नाहीत म्हणून टार्गेटसीएलआय उघडून बघतो. "अरे, खरंच तीनच आहेत." काहीही न बदलता बाहेर पडतो. आणि बाहेर पडताना ते हत्यार इमानदारीने आत्ताची स्थिती जतन करतं. आत्ताची स्थिती म्हणजे तीन डिस्क. पाच डिस्कची बरोबर यादी पुसून तीन डिस्कची अर्धवट यादी कायमची झाली. माणसाने एकही बदल केला नव्हता, फक्त डोकावून पाहिलं होतं.

हत्यार बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. जुन्या १० याद्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये ठेवण्याची मूळची सोय आहे, आणि आपोआप जतन करणं बंदही करता येतं. पण त्या सकाळी त्या माणसाला बॅकअपचा फोल्डर आठवेलच असं नाही. तो काय करतो? दोन डिस्क हाताने परत बनवतो. नावं तीच देतो. इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे. अशा प्रत्येक डिस्कला सर्व्हर एक लांबलचक अनुक्रमांक देतो आणि पलीकडचं मशीन डिस्कला नावाने ओळखत नाही, त्या क्रमांकाने ओळखतं. हाताने नव्याने बनवली की क्रमांक नवा. पलीकडे व्हीएमवेअर असेल तर ते म्हणतं, ही माझी डिस्क नव्हे, तिची नक्कल दिसतेय, मी आपण होऊन जोडणार नाही. त्याचं म्हणणं त्याच्या परीने योग्यच आहे. पण एव्हाना अकरा वाजलेले असतात, घाबरलेल्या माणसाच्या हाताखाली फॉरमॅटचं बटण असतं, आणि डेटा जाण्याची खरी वेळ ही असते. लाईट गेली तेव्हाची नव्हे.

म्हणून आमचं मत असं झालंय, की "टिकवायचं की नाही" हा प्रश्न सगळ्या सेटिंगना मिळून एकदाच विचारायचा नसतो. एकेका सेटिंगपाशी विचारायचं: सर्व्हर हे विसरला तर काय होईल, आणि चुकीचं लक्षात ठेवलं तर काय होईल?

डिस्क कोणती, तिची ओळख काय, कोणत्या संचातली, कुणाला द्यायची, हे विसरणं केव्हाही वाईट. ते टिकलंच पाहिजे, शक्यतो डिस्कवरच. कुलुपंही तशीच. फायरवॉलचे नियम जुन्या पद्धतीने आयपीटेबल्सने टाकले आणि जतन केले नाहीत, तर रीबूटनंतर सर्व्हर सताड उघडा असतो, आणि सगळं व्यवस्थित चालू दिसत असल्याने कुणी तक्रारही करत नाही. फोल्डर दिसत नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत फोन येतो. कुलूप नाही म्हणून कुणी फोन करत नाही. तेव्हा जे विसरल्याने दार उघडं पडतं, ते सर्व्हरने न सांगता लक्षात ठेवावं. याच्या उलट, तपासणीपुरतं सगळ्यांना आत येऊ दिलं, घाईपुरता वेग वाढवला, सिंक बंद केला, अशी जी सैल सोडलेली सेटिंग आहेत ती आपोआप विसरली जावीत. कुणाला ती कायमची हवीच असतील तर त्याने तसं मुद्दाम लिहून सांगावं. आज बहुतेक प्रणाली हा भेद करत नाहीत. ज्या टिकवतात त्या सगळंच टिकवतात, ज्या विसरतात त्या सगळंच विसरतात.

आणि मधली वाट? ती शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्या तलाठी कार्यालयात ती आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी फेरफारासाठी चकरा मारल्या असतील. जमीन विकली म्हणून सातबारावर लगेच नाव बदलत नाही. आधी तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीसाठी १५ दिवस थांबतात, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. जुन्या कागदी सातबारावर तोवर पेन्सिलने नोंद असायची, प्रमाणित झाली की शाईने. या कामाला लागणाऱ्या वेळाबद्दल तुमचं काय मत आहे ते आम्हाला माहीत आहे, ते बाजूला ठेवू. पण रचना बघा. बदल दिसतो, तो अजून पक्का नाही हेही दिसतं, आणि पक्का करणारा हात वेगळा आहे. हल्ली ऑनलाईन सातबारावर खाली "प्रलंबित फेरफार" अशी एक ओळ छापलेली असते. आम्हाला सर्व्हरवर नेमकी तीच ओळ हवी आहे. सर्व्हरवर लॉगिन केलं की पहिल्यांदा दिसावं: चालू सेटिंग आणि जतन सेटिंग यांत चार ठिकाणी फरक आहे, अमुक तारखेपासून. बस. निम्मे अपघात तिथेच टळतील.

पेन्सिल आणि शाईची ही पद्धत कॉम्प्युटरच्या जगातही आहे, फक्त ती सगळीकडे पोचलेली नाही. ज्युनिपरच्या राउटरमध्ये "कमिट कन्फर्म्ड" अशी आज्ञा आहे. बदल लागू होतो, आणि १० मिनिटांत तुम्ही परत खात्री दिली नाहीत तर आपण होऊन जुनं परत येतं. संपर्क तुटला असेल तर खात्री देताच येणार नाही, म्हणजे आपोआप सुटका. उबुंटूमध्ये "नेटप्लॅन ट्राय" तसंच करतं, १२० सेकंद वाट बघून. फायरवॉलडीमध्ये आधी बदल चालू स्थितीत करून बघता येतात आणि पटले की एका आज्ञेने कायमचे करता येतात. दिलेल्या वेळेनंतर आपण होऊन निघून जाणारा नियमही टाकता येतो. साठवणुकीच्या सर्व्हरवर मात्र यातलं फारच थोडं आलंय. का कोण जाणे. बहुधा नेटवर्कवाल्यांना बाहेर कुलूप लागल्याचा अनुभव लवकर आणि वारंवार येतो म्हणून असेल.

छोट्या कार्यालयांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कुणी इथून जाऊन सगळंच हाताने जतन करायला लागेल. जिथे पूर्णवेळ माणूस नाही, तिथे ट्रूनॅससारखी पेटी बरी, जी वेबपानावरून केलेलं सगळं आपल्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवते. तिथे आपोआप टिकण्याचा तोटा आहे, पण विसरण्याचा तोटा त्याहून मोठा. फक्त अशा पेटीत मागच्या दाराने, म्हणजे थेट फाईली उघडून काही बदलू नका. ते बदल तिच्या डेटाबेसला माहीत नसतात आणि पुढच्या रीबूटला ती फाईली पुन्हा आपल्या मनासारख्या लिहिते. आणि त्या डेटाबेसची एक प्रत डाउनलोड करून दुसऱ्या मशीनवर ठेवा.

आता प्रश्न घेऊ.

*आमच्याकडे टार्गेटसीएलआय आहे. आपोआप जतन करणं बंद करून टाकू का?*

करा, पण दोन गोष्टी सोबत हव्यात. एक म्हणजे बदल केल्यावर मुद्दाम "सेव्हकॉन्फिग" देण्याची सवय. नाहीतर एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात. दुसरं, ती फाईल प्रत्येक बदलानंतर तारीख घालून दुसरीकडे ठेवा. साधी मजकुराची फाईल आहे, काही केबींची. पेनड्राइव्हवरही मावते. त्यात पासवर्ड असू शकतात, तेव्हा तो पेनड्राइव्ह काउंटरवर पडू देऊ नका. आणि रीबूटनंतर डिस्क कमी दिसल्या तर हाताने नव्या बनवायच्या नाहीत. संच उठलाय का ते बघायचं, मग जतन केलेल्या फाईलमधून मांडणी परत उभी करायची. अनुक्रमांक त्या फाईलमध्ये असतात, ते तसेच परत येतात.

*यूपीएस चांगला असेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी?*

यूपीएस लाईटसाठी आहे. सर्व्हर इतर कारणांनीही रीबूट होतो: अपडेट, गेलेला मेमरीचा तुकडा, झाडू मारताना निघालेली वायर. आणि यूपीएस जितका चांगला, तितका दोन आठवणींमधला फरक जास्त दिवस लपून राहतो, हे मघाशी बोललोच.

*मग घरी जाऊन, म्हणजे ऑफिसात जाऊन, पहिलं काम कोणतं?* असं एका ताईंनी विचारलंय.

ताई, पहिलं काम म्हणजे ठरवून एक रीबूट. शनिवारी काम संपल्यावर, आधी बॅकअप घेऊन आणि तो उघडतो का बघून. आत्ता काय काय जोडलेलं आहे, कोणते फोल्डर कुणाला दिसतात, फायरवॉलचे नियम काय, सगळं कागदावर उतरवा किंवा फोटो काढा. सर्व्हर नीट बंद करा, बटण दाबून नव्हे. मग चालू करा आणि कीबोर्डला हात लावू नका. ज्या माणसाने तो बसवला त्याला शक्य असेल तर समोर बसवा, त्यालाही हात लावू देऊ नका. काउंटरच्या मशीनवर जा आणि रोजचा पिग्मीचा पडदा उघडतो का ते बघा. उघडला नाही, तर काय राहिलं होतं ते त्याच संध्याकाळी कळलं, गर्दी नसताना. उघडला, तरी कागदाशी ताडून बघा, विशेषतः कुलुपं, कारण मघाशी म्हटलं तसं त्यांची तक्रार कुणी करत नाही.

*किती वेळ लागेल?*

अर्धा-पाऊण तास धरा. मोठा सर्व्हर चालू होताना स्वतःची मेमरी तपासत काही मिनिटं नुसता काळा पडदा दाखवतो. तेवढ्यात घाबरून परत बटण दाबू नका.